मोडक्या शिंगाचा बैल

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर एक तलवार मांडली जाते. तिची मूठ गंजलेली आहे, म्यान आमच्या आजोबांच्याही आधी हरवले, परंतु तिला हळदकुंकू वाहताना आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, दर वर्षी एक वाक्य न चुकता उच्चारीत: "आपला मूळपुरुष शिंदे सरकारच्या फौजेत शिलेदार होता. बारगीर नव्हे, शिलेदार!" बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, हा भेद आम्हां मुलांना मुळाक्षरांच्या आधी शिकवला गेला. लष्करात राहणाऱ्या मराठी माणसाला असा एखादा घोडा पूर्वजांच्या खुंटीला बांधलेला लागतोच. (ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लष्कर हा आमच्या शहराचा भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे तळ दिला, तो तळ पुन्हा हलला नाही, आणि छावणीचे नावच वस्तीला चिकटले.)

निवृत्तीनंतर आम्ही मोडी शिकलो. हेतू काही फार उदात्त नव्हता. दुपारी झोप येईनाशी झाली होती, एवढेच. आजीच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांची एक गुंडाळी होती, तीवर हात साफ करावा असे मनात आले. बहुतेक कागद उसनवारीचे निघाले. एका कागदावर मात्र आमच्या मूळपुरुषाचे नाव होते, आणि त्या कागदात घोडा कोठेही नव्हता. होते ते बैल. तोफेच्या अठरा बैलांची ती यादी होती; प्रत्येकाचा रंग, शिंगे, दात, आणि पुढे कडबा व सरकी यांचा हिशेब. एक पांढरा, शिंगे मागे वळलेली, जुळलेला. एक काळसर, चौसा. एक कबरा. एक पांढरा, डावे शिंग मोडके. शेवटी हिशेब लिहिणारा म्हणून आमच्या मूळपुरुषाचे नाव.

आम्हांला आनंद झाला. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात आपल्यापुढे उलगडावा, याहून मोठे भाग्य ते कोणते! त्याच भरात आम्ही कागद घेऊन दोन गल्ल्या ओलांडून दादांकडे गेलो आणि वाचून दाखवला. दादांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं काय? आपण बैलांना वैरण घालणारे?" आम्ही म्हणालो, "घालणारे नव्हे दादा, घातलेली लिहून ठेवणारे." हे आम्ही विनोदाने म्हणालो असे आम्हांला अजूनही वाटते. दादांना तसे वाटले नाही. त्या वर्षी दसऱ्याला तलवार त्यांच्याच घरी राहिली आणि आम्हांला निरोप आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. सौभाग्यवती आणि वहिनी यांची भाजीबाजारात भेट होई, वाटीतून पदार्थांची ये-जा चाले. आम्हां दोघा म्हाताऱ्यांचे बोलणे मात्र बंद ते बंदच. दादा ब्याऐंशीचे, आम्ही पंचाहत्तरीचे. या वयात अबोल्याचा हिशेब महिन्यांत करणे परवडत नाही, हे दोघांनाही कळत होते. पण कळून उपयोग काय?

अशा वेळी नॉटिंगहॅमहून दादांच्या मुलाचा फोन आला.

आमचा हा पुतण्या इंग्लंडात नोकरीनिमित्त राहतो आणि फावल्या वेळात लढाया खेळतो. लढाया म्हणजे टेबलावरच्या. सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडायची. बोटाच्या दोन पेरांएवढे धातूचे शिपाई रांगांनी उभे करायचे. फूटपट्टीने अंतर मोजून त्यांना चालवायचे आणि मारले कोण, वाचले कोण, हे फाशांच्या दानावर व नियमांच्या पुस्तकावर ठरवायचे. इकडे ज्यांना हे पोरखेळ वाटेल त्यांनी ध्यानात घ्यावे की याचा उगम लष्करी शाळांत आहे. प्रशियाच्या फॉन राइसविट्स नावाच्या एका लेफ्टनंटाने आपल्या वडिलांची कल्पना सुधारून १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ सिद्ध केला, आणि प्रशियाच्या सैन्याने तो स्वीकारला. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले व बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी हा खेळ आहे असे त्यात जाहीर केले. त्या हिशेबाने आम्ही अजून कोवळेच म्हणायचे. १९५९ पासून एअरफिक्सचे मऊ प्लॅस्टिकचे छोटे शिपाई स्वस्तात मिळू लागले, १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचे या खेळावरचे पुस्तक आले, आणि छंद घरोघर पसरला. आता नॉटिंगहॅमच्या आसपास असे शिपाई ओतणाऱ्यांचे एवढे कारखाने आहेत की त्या टापूला शिशाचा पट्टाच म्हणतात. आमच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन फिरत असे. तेव्हा मोठ्या माणसांनी टेबलावर खेळावे की नाही, हा वाद निदान ग्वाल्हेरकरांनी घालू नये.

पुतण्याची मागणी अशी होती. त्याला आणि त्याच्या मित्रांना असईची लढाई मांडावयाची होती. शिंद्यांची कवायती पलटणे, इंग्रजांचे गोरे, मद्रासचे शिपाई, घोडेस्वार, सगळे जमले होते. अडले होते बैलांवर. "काका, इथे मिळतात ते बैल विलायती. पाठ सपाट, मान आखूड, पोट पिंपासारखं. हे तोफेला जुंपले तर शिंद्यांची फौज नव्हे, डेअरी दिसते. तुम्ही गणपती करायचात ना घरी? बारा बैल आपल्याकडचे करून द्याल का?"

आम्ही लहानपणापासून शाडूचे गणपती करीत आलो, ही गोष्ट खरी. त्याहूनही आधी पोळ्याला मातीचे बैल करीत असू. गावात ज्यांच्या दारी बैल नाहीत त्यांनी पिठोरी अमावास्येला मातीच्या जोडीची पूजा करावी, ही रीत आमच्या घरी आईने अखेरपर्यंत पाळली. पण मातीचा बैल वितभर आणि हा बैल खुरापासून वशिंडापर्यंत जेमतेम चोवीस मिलिमीटर! टेबलावरचा माणूस पायापासून डोळ्यांपर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर धरलेला असतो, त्या मापात बैल एवढाच बसतो. आम्ही हो म्हणालो, त्याला कारण आणखी एक होते, ते फोनवर सांगितले नाही. ज्या कागदाने घर दुभंगले तोच कागद आता बैल रंगवण्याच्या कामी येणार होता.

बैलांच्या बाबतीत इतिहासाने मोठी कृपणता केली आहे. बुद्धिबळाचा पट आपण मांडतो, त्यात हत्ती आहे, घोडा आहे, उंट आहे. बैल नाही. चतुरंग सेनेत रथ होता, तो ओढण्याचे श्रेय घोड्याकडे गेले. आणि प्रत्यक्षात अठराव्या शतकातली दख्खनची कोणतीही मोहीम घ्या, ती बैलांच्या पाठीवर चालत होती. तोफा बैल ओढीत, दारूगोळा बैल ओढीत, आणि फौजेच्या पोटाला धान्य पुरवणारे वंजाऱ्यांचे तांडे म्हणजे तर चालती बैलांची नगरेच. म्हैसूरकरांना हे मर्म उमगले होते. हैदर व टिपू यांनी तोफांसाठी अमृतमहाल जातीची चपळ जनावरे राखली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा ही खिल्लारे इंग्रजांच्या हाती लागली, आणि आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला तो बैलांची किंमत जाणणारा सेनापती म्हणून उतरला.

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची प्रचंड फौज. तीतली खरी लढणारी म्हणजे पोहलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखालची कवायती पलटणे आणि शंभराच्या आसपास तोफा. दुसऱ्या बाजूला वेलस्लीची साडेचार हजारांची फौज आणि जोडीला म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहून वेलस्लीने तर्क केला की लोक एकमेकांकडे जात असतील तर उतार असलाच पाहिजे. आणि तो होता. हा भाग शाळेच्या पुस्तकांतही येतो. जो येत नाही तो पुढचा. नदी उतरून इंग्रज सरसावले तेव्हा शिंद्यांच्या तोफांचा असा भडिमार झाला की इंग्रजांच्या तोफा जागीच खिळल्या. गोलंदाज पडले हे तर झालेच, पण तोफा ओढणारे बैल पडले. माणसे आणि बैल इतके कामास आले की तोफा पुढे नेता येईनात, हे वेलस्लीनेच आपल्या अहवालात लिहिले आहे. मग त्याने तोफा मागे सोडून पायदळाला संगिनी रोखून पुढे घातले, आणि दिवस त्याचा झाला. त्याचे सुमारे सोळाशे लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागू लागले. तरी अखेर बहुतेक सगळ्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. तोफ मागे घ्यायची तर बैल आणून जुंपावे लागतात, आणि जुंपायला जो वेळ लागतो तो मोडत्या फौजेला कोण देणार?

असो. पुतण्या उन्हाळ्यात आला तो बारा विलायती बैल एका डबीत घेऊन आला. दादांकडे उतरला, आमच्याकडे जेवला, आणि दोन्ही घरांत बैलांखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलला नाही. शहाणा मुलगा.

पहिले काम कापाकापीचे. साच्याच्या दोन अर्धांची रेघ प्रत्येक बैलाच्या पाठीवरून पोटाखाली फिरलेली असते. ती बारीक कानशीने घासून काढावी लागते, नाहीतर रंगाखालून ती व्रणासारखी उठून दिसते. मग विलायती शिंगे कापली. ती आखूड व आडवी होती. माळव्याच्या बैलाची शिंगे वर उठून बाहेर झुकतात आणि टोकाशी आत वळतात. कपाळाला दोन सूक्ष्म भोके पाडून त्यांत पितळेची तार बसवली, तिला वळण दिले. पोट आणि पुठ्ठे घासून उतरवले. सौभाग्यवतींना धातूचा कीस स्वयंपाकघराच्या वाऱ्यावर येतो अशी शंका आली आणि आमची रवानगी मागच्या पडवीत झाली. ती शंका योग्यच होती. जुन्या शिपायांत शिसे असे, आता बहुधा नसते. तरी असला कीस अन्नापासून दूरच बरा, आणि घासताना नाकाला फडके बांधावे.

वशिंडासाठी आणि गळ्याखालच्या पोळीसाठी आम्ही नळाच्या फुटक्या जोडांना लावतात ते एम-सील वापरले. दोन गोळे एकत्र मळले की राखी रंगाची कणीक होते. तिला अर्ध्यापाऊण तासात आकार दिला तर दिला, पुढे ती दगड होते. शाडूची सवय असलेल्या हाताला हा काळाचा काच नवा होता. शाडू वाट पाहतो, ओले फडके टाकले की उद्यापर्यंत थांबतो. पहिल्या दिवशी चार बैलांची वशिंडे बसवायला घेतली आणि चौथ्याचे वशिंड तासून काढावे लागले. पुढे एका वेळी दोनच बैल हाती घेतले. दात कोरण्याची काडी पाण्यात बुडवून तिने पोळीच्या वळ्या पाडायच्या, बोटाला किंचित शंखजिरे लावायचे म्हणजे चिकटत नाही. एवढे झाले की कान खाली कलते करावयाचे, शेपटीला तारेचा गाभा घालून गोंडा ठेवायचा. जू उदबत्तीच्या काडीचे केले. तशी बारीक, गोल आणि सरळ काडी बाजारात शोधून मिळणार नाही, आणि देवघरात ती रोज फुकट उरते. कासऱ्याला पांढऱ्या दोऱ्याला फेव्हिकॉल चोळून ताठ केले.

सहा जोड्या जुंपून टेबलावर उभ्या केल्या आणि आमचा आनंद मावळला. बैल देशी दिसत होते, पण ओढीत नव्हते. वरातीच्या गाडीला जुंपल्यासारखे चारही पाय टेकून शिष्ट उभे! ओढणारा बैल कसा दिसतो, हे आपण विसरलो आहोत, असे ध्यानात आले. ज्या शहराचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव महाराजांच्या काळात गुरांचा मेळा म्हणून सुरू झाला, तेथे आज ओढता बैल पाहायचा तर शोध घ्यावा लागतो. तीन दिवस सकाळी मुरारच्या बाजूला फिरलो. ट्रॅक्टर भेटले, रिक्षा भेटल्या. चौथ्या दिवशी विटांनी भरलेली एक गाडी चढावर अडली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले. बैल ओढतो तेव्हा आधी डोके खाली जाते. मान लांब होते, जू वशिंडाला भिडते, पुढचे गुडघे वाकतात आणि मागचे पाय जमिनीला पाठीमागे रेटतात. सारे अंग एका तिरप्या रेषेत येते. गाडीवान म्हणाला, "बाबूजी, क्या देख रहे हो?" आम्ही म्हणालो, "बैल." त्याने आमच्याकडे असे पाहिले की बाकीचे खुलासे आम्ही गिळले.

घरी येऊन आठ बैलांच्या माना कापल्या आणि तारेने खाली जोडल्या. चार तसेच राखले, कारण अठरा बैलांत चार आळशी असणारच. आमच्या मूळपुरुषाने तशी नोंद केलेली नाही, पण त्याला ते माहीत असणार.

रंगाच्या बाबतीत नवशिक्याची चूक आमच्याही हातून झाली. पांढरा बैल म्हणून पांढरा रंग दिला आणि संगमरवरी नंदी तयार झाला. पांढरा बैल पांढरा नसतोच. माळवी बैल राखट असतो, मानेवर, खांद्यावर आणि वशिंडावर काळपट झाक असते, वय वाढले की तो उजळत जातो. तेव्हा आधी करडे अस्तर. त्यावर पांढऱ्यात थोडा काळा आणि कणभर माती-पिवळा मिसळून अंग. मग पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग साऱ्या अंगावर सोडायचा, म्हणजे तो वळ्यांत आणि बरगड्यांत जाऊन बसतो. शेवटी कोरड्या कुंचल्याला जेमतेम रंग लावून उंचवट्यांवरून फिरवायचा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला भिंग लावून नाकपुड्या काळ्या केल्या, खूर काळे केले. डोळ्यांत पांढरे बुबुळ रंगवण्याचा मोह टाळला. या मापात ते रंगवले की बैल भुताला भ्यालेला दिसतो. मग कागद पुढे घेतला आणि यादीबरहुकूम एकेक करीत गेलो. काळसर चौसा, तो अंगाने बारीक. कबरा. मागे वळलेल्या शिंगांचा, त्याच्या तारा मुद्दाम मागे नेल्या. आणि अकराव्या बैलाचे डावे शिंग मध्येच तोडले, टोक कानशीने बोथट केले, आतला पिवळसर गाभा रंगाने दाखवला.

वाचकहो, हा कागद असईचा नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांतला आहे. यादीतला एखादा बैल असईच्या रणातून वाचलेला होता की नाही, हे त्यावरून ठरत नाही. पण दोन वर्षांत बैल म्हातारा होत नाही, आणि शिंग गोठ्यात बसूनही मोडत नाही. आम्ही याहून अधिक म्हणत नाही.

पुतण्याच्या परतण्याला चार दिवस उरले होते. संध्याकाळी पडवीत बैल वाळत होते. दार वाजले. सौभाग्यवतींनी उघडले आणि त्या काही न बोलता आत गेल्या. दारात दादा काठी टेकून उभे. "पोरगा म्हणाला, बैल झालेत." एवढेच बोलून ते आत आले आणि आमच्या खुर्चीवर बसले. आम्ही दिवा जवळ ओढला, भिंग पुढे सरकवले. दादांनी भिंग घेतले नाही. त्यांनी एकेक बैल उचलून डोळ्यांशी नेला. बराच वेळ गेला.

"ह्याचं शिंग अपुरं राहिलंय."

"अपुरं नाही. मोडकंच आहे."

"का?"

"कागदात तसं लिहिलंय, दादा."

दीड वर्षांत त्या कागदाचे नाव आमच्या तोंडून त्यांच्यापुढे निघाले नव्हते. आम्हांला वाटले, आता उठतील. दादांनी बैल तळहातावर ठेवला, उलटा करून पोट पाहिले, खूर पाहिले. मग विचारले, "आणखी काय लिहिलंय?" आम्ही कागद काढला आणि अठराच्या अठरा बैल वाचून दाखवले, कडबा-सरकीसकट. या वेळी विनोद केला नाही. कबऱ्यापाशी ते म्हणाले, "पुन्हा वाच." आम्ही पुन्हा वाचले.

"प्रत्येकाचं शिंग वेगळं लिहिलंय त्यानं," दादा म्हणाले.

"हो."

"घोड्यांचं असं कोणी लिहिलं असतं का रे?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. दादाच पुढे म्हणाले, "शिंगं कोरी ठेवलीस. पोळ्याला रंगवत नव्हते का?" आम्ही म्हणालो की लढाई तेवीस सप्टेंबरची. "मग पोळा होऊनच गेलेला! श्रावणातली अमावास्या कधी तेवीस सप्टेंबरला येते का? रंग थोडा उरलेला असणार. सगळ्यांच्या नाही. ज्याचा माणूस हौशी, त्याच्या." आणि त्यांनी हात पुढे केला. आम्ही शून्य नंबरचा कुंचला व हिंगुळी लाल रंग दिला. ब्याऐंशी वर्षांचा हात कापत होता. त्यांनी कोपर टेबलाला टेकवले, मनगट दुसऱ्या हाताने धरले आणि मोडक्या शिंगाच्या बैलाचे उजवे शिंग टोकाशी लाल केले. थोडे कपाळावरही सांडले. आम्ही ते पुसायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे. गुलाल असेल."

बैल पेढ्यांच्या खोक्यात कापसात बसून नॉटिंगहॅमला गेले. दादांच्या आग्रहावरून सोबत एक घोडेस्वारही गेला. तो आम्हीच रंगवला, भरजरी, आणि मनापासून रंगवला. त्या वर्षी दसऱ्याला आम्हांला निरोप आला. तलवारीला हळदकुंकू वाहताना दादा त्यांचे वाक्य म्हणाले, पण "बारगीर नव्हे" हा भाग गाळला. पाटावर तलवारीशेजारी एक मातीची बैलजोडी होती. ती कोणी ठेवली, हे विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. वहिनींच्या हाताला शाडू लागलेला दिसत होता.

थंडीत एका रविवारी लढाई झाली. पुतण्या शिंद्यांकडून खेळला. रात्री त्याने फोन लावला तेव्हा आम्ही दादांकडेच होतो. त्याने डाव्या बगलेचे, पोहलमनच्या पलटणांचे, फाशांच्या दानांचे सविस्तर वर्णन केले. दिवस इंग्रजांचाच झाला, पण निम्म्या तोफा त्याने वेळेवर बैल जुंपून मागे काढल्या होत्या, याचा त्याला फार अभिमान. दादांनी सगळे ऐकून घेतले. घोडेस्वाराचे काय झाले, हे त्यांनी विचारले नाही.

"आपले बैल किती गेले?"

"दोन जोड्या, बाबा."

"मोडक्या शिंगाचा?"

"तो आहे. जुईपलीकडे नेलाय."

"बरं," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन आमच्या हाती दिला.